पाण्यात उभं असून भात का सुकलं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९९२ सालची गोष्ट. रायगड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकवत होते. गणपतीची सुट्टी संपून वर्ग नुकते सुरू झाले होते आणि अकरावीच्या मुलांचं प्रात्यक्षिक चाललं होतं. ऱ्हिओ नावाचं एक शोभेचं झाड असतं. त्याची पानं वरून हिरवी आणि खालून जांभळी. त्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा सोलून काचपट्टीवर ठेवायचा, त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचं, असा तो प्रयोग.

खारेपाटातून रोज एस.टी.नं येणारी एक मुलगी बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभी होती. मी जवळून जाताना तिनं विचारलं, ‘‘मॅडम, उधाणाच्या भरतीला आमच्या बांधाला खांड पडली. शेतात गुडघाभर पाणी होतं, तरी भात सुकलं. पाण्यात उभं असून सुकलं कसं?’’

मागे वीस मुलं खोळंबली होती आणि तास संपत आला होता. मी म्हटलं, ‘‘ते अभ्यासक्रमात नाही. तू आधी आकृती काढ.’’

तिनं मुकाट्यानं आकृती काढली. ती चांगली होती, तिला दहापैकी नऊ गुण मिळाले. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच काचपट्टीवर होतं, आणि ते मी तिला दाखवलं नाही. ही गोष्ट मला पुढे फार लागली. आजचं हे बोलणं म्हणजे त्या उत्तराला झालेल्या उशिराची थोडी भरपाई आहे, असं समजा.

सूक्ष्मदर्शकातून झाडाची पेशी पाहिली की सर्वांत आधी काय दिसतं? कांद्याचा पापुद्रा घेतला तर विटांच्या भिंतीसारख्या, एकाला एक लागून असलेल्या लांबट पेशी दिसतात. आयोडिनचा थेंब टाकला की प्रत्येक पेशीत एक पिवळसर तपकिरी ठिपका उठून दिसतो. ते केंद्रक. गंमत म्हणजे हे केंद्रक पुष्कळदा केंद्रात नसतंच. ते कडेला, भिंतीला चिकटून बसलेलं असतं. मग मधे काय असतं? मधे काहीच दिसत नाही. स्वच्छ, पारदर्शक, मोकळी जागा.

ही मोकळी जागा म्हणजेच रिक्तिका. लॅटिनमधल्या ‘रिकामा’ या अर्थाच्या शब्दावरून तिचं ‘व्हॅक्युओल’ हे नाव पडलं. आपणही ‘रिक्त’ शब्द घेऊन ‘रिक्तिका’ केलं. फ्रेंच शास्त्रज्ञ फेलिक्स दुजार्दं यांनी १८४१ साली हा शब्द वापरात आणला. त्याच्याही आधी, १७७६ मध्ये, इटलीच्या लाझ्झारो स्पालान्झानी यांना पाण्यातल्या सूक्ष्म जिवांच्या अंगात ताऱ्यासारखे आकार फुगताना आणि मिटताना दिसले होते. हे त्यांचे श्वासाचे अवयव असावेत, असा त्यांनी अंदाज बांधला. तो चुकला, त्याकडे आपण पुढे येऊ. पण नाव पडलं ते पडलं. पाहणाऱ्याला काही दिसलं नाही, म्हणून ती ‘रिकामी’ ठरली.

खरं तर ती काठोकाठ भरलेली असते. तिच्यात पाणी असतं आणि त्या पाण्यात साखर, क्षार, आम्लं, रंगद्रव्यं, प्रथिनं असं पुष्कळ काही विरघळलेलं असतं. तिच्याभोवती एक अतिशय पातळ पटल असतं, त्याला टोनोप्लास्ट म्हणतात. हे नाव हॉलंडचे ह्यूगो द व्ह्रीस यांनी १८८५ मध्ये दिलं. मेंडेलचे विस्मरणात गेलेले आनुवंशिकतेचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक ते हेच. कोवळ्या कोंबातल्या पेशीत लहान लहान रिक्तिका असतात. पेशी वाढते तशा त्या एकमेकींत मिसळतात आणि शेवटी एकच मोठी रिक्तिका तयार होते. पूर्ण वाढलेल्या पेशीत ऐंशी ते नव्वद टक्के जागा तिचीच असते. ज्याला आपण पेशीतला सजीव भाग म्हणतो, ते पेशीद्रव्य, हरितलवकं, केंद्रक वगैरे सगळं भिंतीलगतच्या पातळ थरात दाटीवाटीनं राहतं.

एवढी जागा या पाण्याच्या पिशवीला कशासाठी द्यायची? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. बाजारातून आणलेली कोथिंबिरीची जुडी दुपारपर्यंत मान टाकते. तिच्या देठांना पाण्यात बुडवून ठेवलं की तासाभरात ती पुन्हा ताठ उभी राहते. कोथिंबिरीला हाडं नाहीत, लाकूडही नाही. मग तिला उभं कोण करतं?

सायकलचं चाक आठवा. टायर जाड आणि चिवट असतो, पण नुसता टायर लुळा पडतो. आतल्या ट्यूबमध्ये हवा भरली की ट्यूब टायरला आतून दाबते, टायर तिला आवरून धरतो आणि चाक टणक होतं. झाडाच्या पेशीत टायरच्या जागी पेशीभित्तिका असते, ट्यूबच्या जागी रिक्तिका आणि हवेच्या जागी पाणी. हा दाब थोडाथोडका नसतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेचा दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट असतो. ताज्या, टवटवीत पानाच्या पेशीत तो त्याहून कितीतरी जास्त, दहा वातावरणांच्या घरातही जाऊ शकतो. लाखो पेशी अशा टणक फुगल्या की पान ताठ राहतं. त्या सैलावल्या की आपण म्हणतो, झाड कोमेजलं.

वाढीलाही हीच युक्ती उपयोगी पडते. पेशी मोठी करायची तर नवं पेशीद्रव्य तयार करावं लागतं आणि ते महागाचं काम आहे. त्याऐवजी झाड रिक्तिकेत पाणी भरतं. पावसाळ्यात बांबूचा कोंब बघता बघता वाढतो, त्या वाढीतला मोठा वाटा अशा पाण्यानं लांबलेल्या पेशींचा असतो. शिवाय हरितलवकं कडेच्या पातळ थरात पसरल्यामुळे प्रकाश आणि हवा त्यांना सहज मिळते. थोडक्या भांडवलात मोठं घर बांधण्याचा हा प्रकार आहे.

आता पाणी आत शिरतं कसं, ते पाहू. पेशीची पटलं पाण्याला सहज वाट देतात, पण पाण्यात विरघळलेल्या पदार्थांना तशी देत नाहीत. अशा पटलाच्या एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला दाट द्रावण असेल, तर पाणी पातळाकडून दाटाकडे जातं. याला परासरण म्हणतात. रिक्तिकेतला रस जमिनीतल्या गोड्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत येतं. पण बाहेरचं पाणीच आतल्यापेक्षा दाट झालं तर? मग प्रवाह उलटतो आणि पाणी पेशीतून बाहेर जाऊ लागतं.

खमंग काकडी करताना मीठ अगदी वाढायच्या वेळी घालतात, याचं कारण हेच. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं. हे पाणी काकडीच्या रिक्तिकांमधलं असतं, मीठ ते बाहेर ओढून घेतं. एवढं सगळं शिकवूनही निवृत्त झाल्यावर मी स्वतः काय केलं, तेही सांगते. गच्चीवरच्या गुलाबाला फुलं येईनात, म्हणून त्याच्या कुंडीत मूठभर युरिया टाकला आणि वर पाणी घातलं. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि आठवड्यात गुलाब गेला. मुळांभोवतीचं पाणी मी इतकं दाट करून ठेवलं होतं की ओल्या कुंडीत झाड तहानेनं मेलं.

त्या मुलीच्या काचपट्टीवर नेमकं हेच घडत होतं. ऱ्हिओचा जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसात असतो, त्यामुळे एरवी न दिसणारी रिक्तिका तिथं आयतीच रंगवलेली मिळते. मिठाचं पाणी टाकलं की पेशीची भिंत जागच्या जागी राहते, पण आतला जांभळा भाग भिंत सोडून आकसत जातो. पाहता पाहता प्रत्येक चौकटीत एक लहानसा जांभळा गोळा उरतो. याला रससंकोच म्हणतात. लवकर साधं पाणी दिलं तर रिक्तिका पुन्हा भरते. उशीर झाला तर भरत नाही.

खारेपाटातलं भात गोड्या पाण्यावर जगतं. पावसाचं पाणी जमिनीतलं मीठ धुऊन खाली नेतं आणि बांध खाडीला बाहेर थोपवून धरतो. बांधाला खांड पडली की भरतीचं पाणी आत येतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. खाडीत ते नदीच्या आणि पावसाच्या पाण्यानं कमी झालेले असतात, पण भाताला तेवढेही सोसत नाहीत. रोप दोन पायऱ्यांनी खचतं. आधी मुळांना पाणी ओढून घेणं जड जातं. मग पाण्याबरोबर पानात चढलेलं मीठ साठत जातं आणि पेशीद्रव्यातली कामं बिघडवतं. पानांचे शेंडे वाळतात, जुनी पानं आधी जातात. गुडघाभर पाण्यात उभं राहूनही भाताला पिता येईल असं पाणी जवळ नसतं. त्या मुलीच्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं त्याच बांधावर उगवतं. ते कळायला रिक्तिका पाण्याखेरीज काय सांभाळते हे पाहावं लागेल.

घरी एक प्रयोग करून पाहा. कच्च्या बिटाची चकती वाहत्या पाण्यात नीट धुवा आणि गार पाण्यात ठेवा. पाणी थोडंसंच गुलाबी होतं. तीच चकती उकळत्या पाण्यात टाका, पाणी लालभडक होतं. बिटाचा रंग रिक्तिकेत बंद असतो. उष्णतेनं तिचं पटल फाटलं की तो सुटतो. गोकर्णीचा निळा रंग, जास्वंदीचा लाल, कोकमाचा जांभळट, हे सगळे तिथलेच रहिवासी. लिंबाचा आंबटपणाही तिथलाच. लिंबू पिळतो तेव्हा आपण मुख्यतः त्याच्या रिक्तिका पिळत असतो. ते आम्ल पेशीद्रव्यात मोकळं सुटलं तर लिंबाची पेशी स्वतःच मरेल. म्हणून ते पटलाआड ठेवलेलं असतं.

अळूचं पान कच्चं खाल्लं तर घसा खाजतो. त्याच्या काही खास पेशींच्या रिक्तिकांमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुड्या बांधून ठेवलेले असतात, ते टोचतात. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, त्यामागेही रिक्तिका आहे. कांद्यात गंधकयुक्त पदार्थ पेशीद्रव्यात असतो आणि त्याच्यावर काम करणारं विकर रिक्तिकेत. कांदा आख्खा असतो तोवर दोघांची गाठ पडत नाही. सुरी चालली की भिंत पडते, दोघं भेटतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. पानाला दात लावणाऱ्या किड्यासाठी झाडानं लावलेला हा सापळा आहे, आपण मधे सापडतो इतकंच.

आणि ही कोठी नुसती भरून ठेवायची नसते, तिथून रोजची देवघेव चालते. पानाच्या कडेला रोपं फुटणारी पानफुटी अनेकांच्या परसात असते. भारतात काम केलेल्या बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१३ सालच्या एका पत्रात नोंदवलं की, तिचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव होतं आणि संध्याकाळी कडवट. (तुम्ही चाखू नका, या झाडात विषारी द्रव्यं असतात.) आज त्याचं कारण माहीत आहे. पाणी वाचवण्यासाठी पानफुटी दिवसा पानावरची छिद्रं मिटून घेते आणि रात्री उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकेत ठेवते आणि दिवसा उजेडात तो काढून साखर बनवते. रात्रीची कमाई रिक्तिकेत, दिवसाचा खर्च रिक्तिकेतून.

आता स्पालान्झानींचे तारे. ते पॅरामेशियमसारख्या एकपेशीय प्राण्यांत असतात. गोड्या पाण्यात राहिल्यामुळे त्यांच्या अंगात परासरणानं सतत पाणी शिरतं आणि त्यांना झाडासारखी भक्कम भिंत नाही. गळक्या होडीतून पाणी उपसत राहावं तसं त्यांची संकोची रिक्तिका पाणी गोळा करते आणि बाहेर टाकते. तो श्वास नव्हता, उपसा होता.

‘रिकामी’ या नावानं शास्त्रज्ञांचंही नुकसान केलं. यीस्टच्या पेशीत मोठी रिक्तिका असते. बरीच वर्षं तिला पेशीचा उकिरडा मानून फारसं कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, टोकियो विद्यापीठात स्वतःची लहानशी प्रयोगशाळा सुरू केली आणि हाच विषय धरला. रिक्तिकेतली पचवणारी विकरं नसलेलं यीस्ट घेऊन त्यांनी ते उपाशी ठेवलं. काही तासांतच त्यांना साध्या सूक्ष्मदर्शकातून रिक्तिकेत बारीक बारीक कण जमा होऊन नाचताना दिसले. उपाशी पेशी आपल्याच पेशीद्रव्याचे तुकडे पिशव्यांत बांधून रिक्तिकेत पाठवत होती. एरवी तिथं ते मोडून त्यांतला माल पुन्हा वापरला जातो. इथं विकरंच नसल्यानं ते नुसते साठले आणि डोळ्यांना दिसले. या आत्मभक्षणाच्या क्रियेत लागणारी जनुकं त्यांनी पुढे शोधली. आपल्या शरीरातल्या पेशींतही हीच क्रिया चालते, तिथं रिक्तिकेच्या जागी लयकारिका असतात. ओसुमींना २०१६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. (यावरून माणसानं किती दिवस उपाशी राहावं याचे हिशेब हल्ली सांगितले जातात. त्यांचे प्रयोग यीस्टवर होते, हे ऐकताना ध्यानात ठेवावं.)

म्हणजे उकिरडा म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष झालं, तिथं पेशीचा अडीअडचणीचा कारभार चालत होता.

आता परत खारेपाटात जाऊ. ज्या बांधाला खांड पडते, त्याच्याच कडेला, खाजणात, मोरस नावाची बुटकी वनस्पती हिरवीगार असते. तिची बारीक, रसाळ पानं किनाऱ्यालगतचे लोक भाजीसाठी खुडतात. उकडून, पिळून तिचा खारटपणा कमी करावा लागतो, वरून मीठ घालायची गरज नसते. पाणी तेच, मीठ तेच. भात मेलं आणि मोरस वाढली. हे कसं?

मोरस मीठ रिक्तिकेत कोंडते. रिक्तिकेच्या पटलावरचे पंप ऊर्जा खर्च करून हायड्रोजनचे आयन आत ढकलतात. ते बाहेर येऊ पाहतात. पटलात एक प्रकारची प्रथिनं असतात, ती त्यांना बाहेर सोडतात, पण एका अटीवर. एक हायड्रोजन उतरला की एक सोडियम आत चढतो, भरलेल्या एस.टी.त कंडक्टर करतो तसंच. यात दुहेरी फायदा आहे. मीठ पेशीद्रव्यापासून दूर राहतं, म्हणून त्याची बाधा होत नाही. शिवाय त्या मिठामुळे रिक्तिकेतला रस खाडीच्या पाण्याहूनही दाट होतो, म्हणून पाणी बाहेर न जाता आत येतं. जे मीठ भाताला मारतं, त्याच मिठाचा उपयोग करून मोरस पाणी पिते.

हे प्रयोगशाळेतही दिसलं आहे. १९९९ मध्ये एदुआर्दो ब्लुमवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात हे अदलाबदल करणारं प्रथिन जास्त प्रमाणात बनेल अशी व्यवस्था केली आणि ते रोप खारट पाण्यावर वाढलं. २००१ मध्ये टोमॅटोतही ते साधलं. मीठ पानांत साठलं, फळांत फारसं गेलं नाही. अर्थात कुंडीतलं रोप आणि खाजणातलं शेत यांत अंतर असतं. भाताच्या बाबतीत तर मीठ मुळांपाशीच अडवून पानांपर्यंत कमी पोचू देणं, हा गुणही तितकाच महत्त्वाचा. आपल्याकडे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं निवड आणि संकर करून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा खारं सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. पण सोसण्यालाही मर्यादा असते. भरतीचं पाणी थेट आत आलं तर बांध वेळेवर बांधणं आणि गोड्या पाण्यानं मीठ धुऊन काढणं, याला पर्याय नाही. समुद्राची पातळी वाढत असताना तर नाहीच.

इतकी वर्षं मी फळ्यावर लिहीत आले, ‘रिक्तिका : साठवण करणारे पेशीअंगक’. वाक्य बरोबर आहे, परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण त्या वाक्यात कोथिंबिरीचा ताठपणा नाही, लिंबाचा आंबटपणा नाही आणि एका शेतकऱ्याचं सुकलेलं भातही नाही.

ती मुलगी बारावीनंतर कुठे गेली, मला ठाऊक नाही. हे बोलणं तिच्या कानी पडलं तर तिनं एवढंच समजावं की तिचा प्रश्न अभ्यासक्रमातलाच होता. त्या दिवशी तिनं काढलेल्या आकृतीत त्याचं उत्तर होतं. आकसलेल्या त्या जांभळ्या गोळ्याकडे बोट दाखवून मी एवढंच म्हणायला हवं होतं, ‘‘हे बघ, हेच तुमचं भात.’’